लारकाण्याचा वडेरा, मुंबईचा मंत्री, जुनागढचा दिवाण: सर शाहनवाज भुट्टो समजून घेताना

ऑगस्ट २०२० मध्ये पाकिस्तान सरकारने आपल्या देशाचा नवा राजकीय नकाशा जाहीर केला. काश्मीर त्यात असणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पण नकाशात गुजरातमधलं जुनागढ दिसलं आणि अनेकांनी डोळे चोळले. गिरनार, सोमनाथ, गीरचे सिंह असलेलं जुनागढ पाकिस्तानात? हा दावा आला कुठून?

तो आला १९४७ मधल्या सामीलनाम्यातून, म्हणजे संस्थान कोणत्या देशात जाणार हे ठरवणाऱ्या करारातून. नवाबाने तो केला तेव्हा राज्याचा कारभार ज्यांच्या हातात होता, त्या दिवाणाचं नाव सर शाहनवाज भुट्टो. पाकिस्तानचे पंतप्रधान झालेल्या झुल्फिकार अली भुट्टोंचे हे वडील आणि बेनझीर भुट्टोंचे आजोबा. बहुतेकांना त्यांची ओळख एवढीच असते. आपल्याला ती जास्त असायला हवी, कारण हा माणूस तब्बल पंधरा वर्षं मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात, बसत होता, मुंबई सरकारात मंत्री होता आणि एका महत्त्वाच्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या हाताखाली सदस्य होते.

शाहनवाज भुट्टोंबद्दल दोन सोपी उत्तरं तयार असतात. एक, ते इंग्रजांचे हस्तक होते. दोन, ते मुस्लिम लीगवाले होते. मला दोन्ही अपुरी वाटतात. त्यांचं आयुष्य उलगडतं ते जमिनीतून, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सिंधचा जमीनदार म्हणजे नेमका कोण?

शाहनवाज यांचा जन्म १८८८ चा, सिंधमधल्या लारकाणा भागातल्या गढी खुदाबख्श गावचा. घराणं मूळचं राजपूत, पुढे मुसलमान झालेलं, अशी त्यांच्याकडची परंपरा सांगते. जमीन अफाट. घराण्यात एक गोष्ट सांगतात: सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर या भागातून चालला होता. ही जमीन कुणाची, असं तो वाटेत विचारत होता आणि दर वेळी ‘भुट्टोंची’ असं उत्तर येत होतं. शेवटी तो म्हणाला, मी झोपतो, भुट्टोंची हद्द संपली की उठवा. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण ती पिढ्यान् पिढ्या सांगावीशी वाटते यातच घराण्याला अभिमान कशाचा होता ते कळतं.

नेपियरने १८४३ मध्ये सिंध घेतलं आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याला जोडलं गेलं. पुढची जवळपास नव्वद वर्षं कराची आणि रत्नागिरी एकाच सरकारखाली होत्या.

आता इथे एक गंमतशीर वाटणारी पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. बंगालमध्ये इंग्रजांनी ‘जमीनदारी’ पद्धत आणली होती, म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्या मधे सारा गोळा करणारा मालक उभा केला होता. मुंबई इलाख्यात मात्र रयतवारी होती. रयतवारी म्हणजे ज्याच्या नावावर खातं त्याने थेट सरकारला सारा भरायचा, मधे कुणी नाही. कागदावर सिंधमध्येही हीच पद्धत चालली. फरक खात्यात होता. आपल्याकडे साताऱ्याच्या रयतेचं खातं म्हणजे पाच-दहा एकर, स्वतः नांगर धरणारं घर. सिंधमध्ये खातेदार ‘रयत’ म्हणजे हजारो एकरांचा मालक. एका माणसाच्या सातबाऱ्यावर गावंच्या गावं बसलीत अशी कल्पना करा. सरकारदरबारी तो साधा खातेदार, प्रत्यक्षात छोटा राजा. अशा माणसाला तिथे वडेरा म्हणतात.

आणि नांगर कोण धरायचा? हारी. आपल्याकडचं कूळ, पण कुळाच्याही खालचं. आपल्या कुळाला निदान नाव लागायची आशा असायची. हारी आज या शेतात, उद्या मालक म्हणेल तर रस्त्यावर.

खळ्यावरची रास

हे नातं कसं चालायचं ते बघायचं तर खळ्यावर जायला हवं.

पीक निघालं, मळणी झाली, धान्याची रास पडली. सिंधमध्ये पद्धत बटाईची, म्हणजे आपली अर्धेली: निम्मं मालकाचं, निम्मं हाऱ्याचं. ऐकायला बरोबरीचा वाटा. पण राशीला पहिलं माप लागताना हारी नुसता उभा असायचा. माप धरणारा असायचा वडेऱ्याचा कामदार, म्हणजे कारभारी. वाटणीच्या आधी आणि नंतर वेगवेगळ्या नावांनी पायल्या बाजूला पडायच्या. कामदाराचा हक्क वेगळा, मापाऱ्याचा वेगळा, पिराच्या दर्ग्याचा वेगळा. पेरणीला उचललेलं बियाणं वळतं करायचं, मधल्या काळात खाल्लेलं धान्य वळतं करायचं, तेही मालकाच्या वहीतल्या आकड्याप्रमाणे. वही हाऱ्याला वाचता यायची नाही. शेवटी जी रास त्याच्या चादरीत यायची ती निम्मी नसायची, हे सांगायला नको. मग पुढच्या हंगामाला पुन्हा उचल आणि पुन्हा तीच वही.

कोकणातल्या ज्या घरांत खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, गोष्टी अजून सांगितल्या जातात, तिथल्या वाचकांना हे चित्र वेगळं समजावावं लागणार नाही. फुकटची वेठ, घरच्या लग्नकार्याला मालकाची परवानगी, भांडण झालं तर निवाडा मालकाच्या ओसरीवर. सिंधमध्ये हेच, फक्त पसारा कैक पटींनी मोठा.

मग एवढ्या मोठ्या माणसाला इंग्रजांची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तीन गोष्टींत आहे: पाणी, कर्ज आणि खुर्ची.

सिंधमध्ये पाऊस नावापुरता पडतो. शेती सगळी सिंधू नदीच्या कालव्यांवर. आणि कालवे सरकारच्या हातात. पाटाच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला पाणी मिळणं किती अवघड असतं हे नगर-सोलापूरकडच्या लोकांना माहीत आहे. सिंधमध्ये तर जमिनीची किंमतच पाण्यावर ठरायची. हजार एकर कोरडे असतील तर ती मालमत्ता नाही, वाळवंट आहे. त्यामुळे पाटबंधाऱ्याच्या साहेबाची मर्जी सांभाळणं हा वडेऱ्याच्या धंद्याचाच भाग होता.

दुसरं कर्ज. मोठेपणाचा खर्च मोठा. लग्नं, शिकार, मेजवान्या, कोर्टकज्जे. पैसा यायचा सावकाराकडून, जो सिंधमध्ये बहुधा हिंदू वाणी असायचा. एकोणिसाव्या शतकात कितीतरी मोठ्या जमिनी गहाण पडल्या. इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं, कारण गावागावांत त्यांची सत्ता या जमीनदारांच्या खांद्यावर उभी होती. म्हणून १८७६ मध्ये कर्जात बुडालेल्या इस्टेटी सरकारी देखरेखीखाली घेऊन वाचवण्याचा कायदा सिंधसाठी झाला. आपल्याकडे १८७५ च्या पुणे-नगरच्या दंग्यांनंतर शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला होता, तो १८७९ चा. दक्षिणेत रयतेसाठी, सिंधमध्ये मालकांसाठी. एकाच इलाख्याचे हे दोन कायदे शेजारी ठेवले की सरकार कुठे कुणावर विसंबून होतं ते लख्ख दिसतं.

तिसरी गोष्ट खुर्ची, आणि ही मी अगदी शब्दशः म्हणतोय. कमिशनर किंवा कलेक्टरचा दरबार भरला की कुणी बसायचं, कुणी उभं राहायचं, हे सरकार ठरवत असे. ज्याला बसायचा मान, तो ‘कुर्सीनशीन’. या मानाची लेखी सनद मिळायची. बसणाऱ्यांतही दर्जे आणि रांगा. आपल्याकडे लग्नात मानपानावरून व्याही रुसतात, हा मानपान सरकारी शिक्क्याचा होता असं समजा. दरबारात पुढच्या रांगेत बसलेला वडेरा गावी परतला की पोलीस, तलाठी, हारी, शेजारचे वैरी, सगळ्यांना निरोप पोचलेला असायचा: याच्या मागे सरकार आहे.

त्या बदल्यात वडेरा सरकारला काय द्यायचा? शांतता. गुरांच्या चोऱ्या शोधून द्यायच्या, फरारी माणूस हजर करायचा, सारा वेळेवर भरायचा, युद्धात माणूस आणि पैसा पुरवायचा. हा देण्याघेण्याचा व्यवहार होता. यात धर्म नव्हता आणि देशभक्तीही नव्हती, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजतं.

दरबारातून कौन्सिलात

१९१९ च्या सुधारणांनी चित्र बदललं. प्रांतांत मोठी कौन्सिलं आली, बरेच सदस्य निवडून येऊ लागले. कारभाराची विभागणी झाली: शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी खाती मंत्र्यांकडे आणि तिजोरी, पोलीस, महसूल गव्हर्नरच्या माणसांकडे. याला द्विदल राज्यपद्धती म्हणतात. घरात सून आली, तिला भाजीचा हिशेब दिला आणि तिजोरीची किल्ली सासूने कमरेलाच ठेवली, असा प्रकार.

मतदार कोण? ठराविक सारा भरणारे, म्हणजे ज्यांच्याकडे जमीन ते. मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ १९०९ पासूनच होते, म्हणजे मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमान मतदारच मत देणार. या दोन अटी लारकाण्याला लावून बघा. मतदार मूठभर, तेही जमीनदार, तेही नात्यागोत्याचे. शाहनवाज भुट्टोंना कौन्सिलात पोचायला प्रचारसभा घ्यायची गरजच नव्हती. १९२१ पासून १९३६ पर्यंत ते मुंबई कौन्सिलात राहिले. जिल्हा लोकल बोर्डाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. सरकारी किताबही येत गेले: खानबहादूर, मग ओबीई, सीआयई आणि १९३० मध्ये ‘सर’. दरबारातली रांग पुढे पुढे सरकत होती, तसतशी कौन्सिलातली खुर्चीही.

याचा अर्थ ते निष्क्रिय होते असा मात्र नाही. कारभाराची त्यांना जाण होती, समित्यांवर मेहनत करणारा माणूस अशी त्यांची ओळख होती. १९२८ मध्ये १९१९ च्या सुधारणांचा आढावा घ्यायला सायमन कमिशन आलं. काँग्रेसने बहिष्कार घातला. कमिशनला मदत म्हणून मुंबई कौन्सिलने प्रांतिक समिती नेमली, तिचे अध्यक्ष शाहनवाज भुट्टो. सदस्यांत डॉ. आंबेडकर.

समितीच्या अहवालावर आंबेडकरांनी सही केली नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी स्वतःचा स्वतंत्र अहवाल दिला. त्यात एक मुद्दा सिंधचा होता. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा काढावा या मागणीला आंबेडकरांचा विरोध होता. या मागणीमागे प्रशासनाची सोय नसून मुस्लिम बहुमताचे प्रांत उभे करण्याचा हेतू आहे, असं त्यांना स्पष्ट दिसत होतं. लारकाण्याचा वडेरा अध्यक्षाच्या खुर्चीत आणि समोर महाडचं तळं खुलं करणारा माणूस. मुंबई इलाख्याचा इतिहास शिकवताना हे दृश्य आपण कधी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

सिंध वेगळा हवा, ही मागणी फक्त मुसलमानांची होती का?

सुरुवातीला नव्हती. १९१३ मध्ये कराचीला काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेव्हा स्वागताध्यक्ष हरचंदराय विशिनदास यांनीच सिंधचं वेगळेपण मांडलं होतं. आणि तक्रार खरी होती. कराचीहून मुंबई म्हणजे बोटीचा प्रवास. भाषा वेगळी, नदी वेगळी, पीकपाणी वेगळं. गव्हर्नर मुंबईत, उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्याला, आणि सिंधचा कमिशनर जवळजवळ स्वतंत्र राजासारखा.

पण कौन्सिलं आली तसा मामला बदलला. सिंधमध्ये सुमारे तीन चतुर्थांश लोक मुसलमान. मुंबई इलाख्याचा भाग राहिलं तर ते अल्पसंख्य, वेगळे झाले तर बहुसंख्य. सिंधच्या हिंदूंना, विशेषतः व्यापारी-सावकार वर्गाला, याचीच भीती वाटली आणि ते विरोधात गेले. जिनांच्या १९२९ च्या चौदा मागण्यांत सिंधचं विभाजन होतं. १९३० च्या गोलमेज परिषदेला भुट्टो लंडनला गेले तेव्हा हाच त्यांचा मुख्य विषय होता.

विरोधकांचा मोठा आक्षेप पैशाचा होता: सिंध स्वतःच्या पायावर उभं राहील का? मुंबई सरकारने कर्ज काढून सक्करला सिंधूवर प्रचंड बंधारा बांधला होता. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाचा, ६६ दरवाजांचा, सात कालव्यांचा. १९३२ च्या जानेवारीत तो खुला झाला. वेगळेपणाच्या बाजूचे म्हणत होते, या पाण्यावर सिंध श्रीमंत होईल. पण ते पाणी कुणाच्या शेतात जाणार होतं? लाखो एकर नव्याने भिजणार, ते बहुतांशी वडेऱ्यांचे. प्रांत वेगळा झाला तर कालव्यांचं खातं मुंबईहून कराचीला येणार, म्हणजे आपल्या हाताशी. वेगळ्या सिंधच्या मागणीत धर्म होता, अस्मिता होती, आणि हा पाटही होता. तिन्हींपैकी एक जरी वगळलं तरी गोष्ट खोटी होते.

१ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला. मुंबई सरकारातलं मंत्रिपद आटोपून शाहनवाज नव्या गव्हर्नरचे सल्लागार म्हणून कराचीला आले. सर अब्दुल्ला हारून यांच्या सोबतीने त्यांनी सिंध युनायटेड पार्टी काढली. नमुना होता पंजाबच्या युनियनिस्ट पक्षाचा: जमिनीच्या हिताभोवती मुसलमान आणि हिंदू दोघांना एकत्र आणायचं. म्हणजे ‘लीगवाले’ हे लेबल निदान या टप्प्यावर तरी बसत नाही. प्रांत त्यांनी मिळवला, पक्ष त्यांचा, पहिले पंतप्रधान (त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत) तेच होणार, यात कुणाला शंका नव्हती.

लारकाण्यात काय झालं?

१९३५ च्या कायद्याने मतदार कितीतरी वाढले. देशभरात ते तीन कोटींवर गेले. अजूनही प्रौढ मताधिकार नव्हता, हारी बाहेरच होता. पण लहान खातेदार, शिकलेले, कारागीर, छोटे व्यापारी आत आले.

१९३७ च्या निवडणुकीत ६० जागांच्या विधानसभेत भुट्टोंचा पक्ष सर्वांत मोठा ठरला. आणि खुद्द भुट्टो लारकाण्यात पडले.

हरवणारे होते शेख अब्दुल मजीद सिंधी. ठट्ट्याच्या हिंदू घरात जन्मलेले, तरुणपणी इस्लाम स्वीकारलेले, खिलाफत चळवळीत तुरुंगात गेलेले पत्रकार, ‘अल-वहीद’चे संपादक. लारकाण्यात त्यांची जमीन नव्हती. कोणत्याही दरबारातली खुर्ची नव्हती. पक्षाचे दुसरे नेते हारून, तेही कराचीत पडले.

हे कसं झालं? इतर जमीनदारांचे हेवेदावे होतेच. भाऊबंदकीला सिंध काय आणि सांगली काय. पण मला मुख्य कारण दुसरं वाटतं. पंधरा वर्षं हा माणूस निवडून येत होता तो लोकांनी निवडला म्हणून नव्हे, तर दुसरं कुणी उभं राहणार नाही म्हणून. मत मागणं हे कामच त्यांनी कधी केलं नव्हतं. वडेऱ्याने दारोदार जायचं नसतं, लोकांनी त्याच्या ओताकात, म्हणजे बैठकीच्या ओसरीवर यायचं असतं. शेख मजीद दारोदार गेले.

गव्हर्नरने मग भुट्टोंच्या पक्षाला बाजूला ठेवून सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला यांना मंत्रिमंडळ बनवायला बोलावलं. हिदायतुल्ला हेही मुंबईच्या जुन्या कौन्सिलातले, सरकारी वर्तुळात मुरलेले. भुट्टोंचे काही आमदार लगेच तिकडे गेले. जो पक्ष लोकांवर उभा नसतो त्याचं असंच होतं. शाहनवाज सिंध सोडून मुंबईला परतले आणि मुंबई-सिंध लोकसेवा आयोगावर गेले. धाकटा झुल्फिकार मुंबईतच, कॅथीड्रल शाळेत वाढला.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

मग इंग्रजांचा हस्तक म्हणायला हरकत काय?

हरकत अशी की ‘हस्तक’ म्हटलं की एकट्या माणसाचा स्वभाव दोषी ठरतो आणि व्यवस्था सुटते. शिवाय त्याच व्यवस्थेतून अगदी वेगळा माणूसही निघाला. अल्लाबख्श सूमरो हे शेजारच्या शिकारपूरचे, जमीनदार घरातले, तेही खानबहादूर आणि ओबीई, तेही सुरुवातीला भुट्टोंच्याच पक्षात. मार्च १९३८ मध्ये ते सिंधचे पंतप्रधान झाले. एप्रिल १९४० मध्ये, लीगच्या लाहोर ठरावाला जेमतेम महिना झाला होता तेव्हा, फाळणीला विरोध करणाऱ्या मुसलमानांची मोठी परिषद दिल्लीत भरली, अध्यक्ष अल्लाबख्श. ‘चले जाव’ दडपलं गेलं तेव्हा सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांनी दोन्ही किताब सरकारला परत केले.

पुढच्याच महिन्यात गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केलं. विधानसभेने त्यांच्यावर अविश्वास दाखवलेला नव्हता. सरकारने दिलेली खुर्ची नाकारली की लोकांनी दिलेली खुर्चीही काढून घेतली जाते, हा तो धडा होता आणि सिंधमधल्या प्रत्येक जमीनदाराने तो वाचला. १४ मे १९४३ रोजी शिकारपुरात अल्लाबख्श यांचा गोळ्या घालून खून झाला. वय जेमतेम त्रेचाळीस. हा माणूस आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीचाही नाही, आणि ते बरोबर नाही.

म्हणजे वाट दुसरी होती. पण तिची किंमत एवढी होती. भुट्टोंनी ती मोजली नाही, असं म्हणणं मला ‘हस्तक’ म्हणण्यापेक्षा जास्त खरं वाटतं, आणि कदाचित जास्त कठोरही.

जुनागढचे पाच महिने

मे १९४७ च्या अखेरीस साठीला आलेले शाहनवाज जुनागढचे दिवाण झाले. नवाब मुसलमान, प्रजा ऐंशी टक्क्यांहून जास्त हिंदू. चहूबाजूंनी भारतात जाणारी संस्थानं आणि समुद्र. १५ ऑगस्टला नवाबाने पाकिस्तानात जाण्याचं जाहीर केलं. सप्टेंबरच्या मध्याला पाकिस्तानने ते मान्य केलं.

कायद्याने सामीलनामा करायचा अधिकार संस्थानिकाचा होता आणि पाकिस्तानचा आजचा दावाही त्याच टेकूवर आहे. उलट बाजूचा सरळ प्रश्न: राज्य कुणाचं, सही करणाऱ्याचं की राहणाऱ्यांचं? या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर आधी आलं. २५ सप्टेंबरला मुंबईत माधवबागेत सभा भरली आणि जुनागढचं हंगामी सरकार, ‘आरझी हुकूमत’, स्थापन झालं. प्रमुख शामळदास गांधी, गांधीजींचे पुतणे आणि मुंबईतल्या ‘वंदे मातरम्’ पत्राचे संपादक. लारकाण्यानंतर दहा वर्षांनी भुट्टोंच्या समोर पुन्हा एक पत्रकार उभा होता.

पुढचं झपाट्याने घडलं. व्यापार थांबला, रेल्वे आणि जकातीचं उत्पन्न आटलं, धान्याची टंचाई झाली. ऑक्टोबरअखेर नवाब विमानाने कराचीला गेला. भुट्टोंनी जिनांना पत्र लिहून सगळी बिकट परिस्थिती कळवली. मदत आली नाही. ८ नोव्हेंबरला त्यांच्या वतीने राजकोटला भारताच्या प्रादेशिक कमिशनरांकडे पत्र पोचलं: राज्याचा कारभार हाती घ्या. ९ नोव्हेंबरला भारतीय अधिकारी जुनागढात आले. तोवर दिवाण कराचीला निघून गेले होते.

फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत झालं. १ लाख ९० हजारांवर लोकांनी मत दिलं. पाकिस्तानच्या बाजूने पडली ९१ मतं.

या सार्वमतावरही आक्षेप घेतात: भारताचा ताबा असताना घेतलेलं मत खरं कसं मानायचं? ताब्याचा परिणाम होतो, हे मान्य करायला हवं. पण सामीलनामा करताना नवाबाने आणि दिवाणाने प्रजेला विचारलंच नव्हतं, आणि हंगामी सरकारच्या माणसांना गावागावांत पाठिंबा मिळत गेला तो सार्वमताच्या कितीतरी आधी.

जमिनीचं काय झालं?

शाहनवाज लारकाण्याला परतले. जमीन जागेवर होती. राज्य गेलं, प्रांत बदलला, देश बदलला, खळ्यावरचं माप तेच राहिलं. १९५० मध्ये सिंधमध्ये कुळकायदा झाला, त्याने काही हाऱ्यांना कायम कुळाचा हक्क दिला, मालकी दिली नाही. नोव्हेंबर १९५७ मध्ये शाहनवाज वारले. पुढल्या वर्षी तिशीतला झुल्फिकार पाकिस्तानच्या केंद्रीय मंत्रिमंडळात गेला.

सिंधने ज्या मुंबई इलाख्यातून बाहेर पडण्यासाठी एवढा जोर लावला होता, तिथे खोती १९४९ च्या कायद्याने गेली. आणि १ एप्रिल १९५७ ला, सिंध वेगळा झाल्याला बरोबर एकवीस वर्षं झाली त्या दिवशी, कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. जुन्या सातबाऱ्यांवर ‘कृषक दिन’ ही नोंद अजून वाचायला मिळते.